मँगेनीजच्या दारातून

मागच्या महिन्यात गावाहून येणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर आईने पाच किलो उकडे तांदूळ पाठवले. जुन्या साडीची शिवलेली पिशवी, तोंडाला सुतळी आणि आत चिठ्ठी - "चिऊच्या पेजेसाठी. आपल्या शेतातले आहेत."

आमच्या चिऊला तेव्हा सहावा महिना संपत आला होता. सातव्यात उष्टावण करायचं ठरलं होतं. तिच्या मामाचं तिकीट काढून झालं होतं, चांदीची वाटी घासूनपुसून ठेवली होती, आणि आता तांदूळही आले. एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण नाही. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी लॅपटॉप उघडला आणि बाळाला पहिला भात कसा द्यावा, एवढंच बघायला गेलो. दुपारपर्यंत ब्राउझरमध्ये सत्तावीस टॅब्ज उघडे होते आणि मी घामाघूम.

तांदळात आर्सेनिक असतं. कॅडमियमही असतं. थोडं थोडं, पण असतं. लहान मुलांच्या तांदळाच्या पदार्थांसाठी युरोपने २०१६ साली आणि अमेरिकेने २०२० साली आर्सेनिकची वेगळी, जास्त कडक मर्यादा घातली. एका किलोत ०.१ मिलिग्रॅम. मुलांना वेगळी का? तर त्यांच्या इवल्याशा वजनाच्या मानाने ती खूप भात खातात म्हणून.

त्याच भरात मी आईला फोन केला. म्हटलं, आई, ते तांदूळ जरा राहू देत, त्यात काय काय असतं ते मी वाचतोय. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती नेहमीच्या मालवणीत म्हणाली, "तुका काय झाला रे? तू खंयच्या पेजेर वाढलंस मगे?"

आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे अगदी आपटला नाही, पण "बरां, ठेवतंय" हे तिने ज्या आवाजात म्हटलं तो मला चांगला ओळखीचा आहे.

बायको म्हणाली, "तू आईंच्या शेताला विषारी म्हणालास." मी म्हणालो, असं नाही म्हणालो मी. ती म्हणाली, "मग काय म्हणालास?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख.

*

खरं सांगायचं तर कॅडमियम हा शब्द ऐकला की मला घाम फुटायला एक जुनं कारण आहे.

२०१७ साली मी सहा महिने नागोयाला ऑनसाइट होतो. (काम काय होतं ते विचारू नका. एका जुन्या सिस्टीमवरून दुसऱ्या, जवळपास तितक्याच जुन्या सिस्टीमवर डेटा हलवायचा होता.) सप्टेंबरच्या शेवटी एका मोठ्या वीकेंडला 'हिदा' नावाच्या एक्सप्रेसने तोयामाला निघालो. ताकायामा सोडलं की गाडी डोंगरातून खाली उतरायला लागते आणि नदी सोबत येते. स्वच्छ, हिरवट पाण्याची नदी. पुढे सपाट मुलूख लागतो आणि दोन्ही बाजूंना भात. काही शेतं कापलेली, काही पिवळीधम्मक. दीड महिना घरचं जेवण न मिळालेल्या कोकणी माणसाचं काय होईल ते झालं. डोळे भरून आले, आणि पोटात भूकही लागली!

ती नदी म्हणजे जिंझू. नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. तोयामात पोचल्यावर उलगडा झाला, कारण तिथे 'इताई-इताई' या रोगाचं एक म्युझियम आहे, २०१२ साली उघडलेलं. जपानीत 'इताई' म्हणजे 'दुखतंय'. 'इताई-इताई' म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. रोगी सतत हेच ओरडत म्हणून रोगाचं नाव तेच पडलं.

नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम बरोबरीनेच असतं. ते सांडपाण्यातून नदीत आलं, नदीतून पाटाच्या पाण्याने भातात आलं, भातातून माणसांत. शरीरात शिरलेलं कॅडमियम वीस-वीस वर्षं मूत्रपिंडात ठाण मांडून बसतं. मूत्रपिंड खराब झालं की हाडांना लागणारी खनिजं लघवीवाटे निघून जातात आणि हाडं मऊ पडतात. नुसत्या खोकल्याने बरगडी मोडावी इतकी मऊ. रोगी बहुतेक बायका. पन्नाशीच्या आसपासच्या, चार-पाच बाळंतपणं झालेल्या, जन्मभर शेतात राबलेल्या.

हागिनो नोबोरू नावाच्या तिथल्याच डॉक्टरांनी हा नाद लावून धरला आणि १९६१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅडमियमकडे बोट दाखवलं. १९६८ मध्ये सरकारने ते मान्य केलं. १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या कुटुंबांनी खाणीच्या कंपनीविरुद्धचा दावा अपिलातही जिंकला. त्यानंतर आठशेहून जास्त हेक्टर शेतांची माती बदलायचं काम चाललं, ते तीस वर्षांहून जास्त काळ. मी गाडीतून जी पिवळीधम्मक शेतं पाहिली ती या नव्या मातीवरची.

त्या म्युझियममध्ये मला जी गोष्ट टोचली ती आजही टोचते. त्या बायकांनी विकतचं, भेसळीचं काही खाल्लं नव्हतं. आपल्याच शेतातला, आपल्याच हाताने लावलेला तांदूळ खाल्ला होता. "आपल्या शेतातले आहेत" असं त्यांनीही कुणाला तरी चिठ्ठीत लिहिलं असेल.

*

आता माझा खरा प्रश्न. रोपाला कसं काही होत नाही? माणसाची हाडं मोडावीत एवढं विष ज्या दाण्यात, ते दाणे देणारं रोप स्वतः कसं उभं राहतं?

इथून पुढे थोडं शाळेतलं विज्ञान आहे, पण सोडू नका, गंमत आहे.

पेशीभोवती तेलकट पापुद्रा असतो. पाण्यात विरघळलेले धातूचे कण विद्युतभारित असतात, त्यांना तेलातून आरपार जाता येत नाही. म्हणून पापुद्र्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. प्रत्येक दार ठराविक मालासाठी. काही दारं नुसती उघडी, माल आपला आपण वाहत येतो. काही पंपासारखी, ऊर्जा खर्चून माल ढकलणारी. भाताच्या मुळात तर दोन कडी आहेत, एक बाहेरच्या बाजूला, एक आत. त्या कड्यांतल्या पेशींच्या मधल्या फटी मेणचट पट्टीने बुजवलेल्या असतात, आपण गच्चीला वॉटरप्रूफिंग करतो तशा. म्हणजे फटीतून झिरपत आत जायची सोय नाही. जे काही आत जायचं ते दारातूनच.

मग कॅडमियमचं दार कुठलं? उत्तर असं की कॅडमियमचं दारच नाही. रोपाला कॅडमियम कशालाही लागत नाही, तो दार कशाला ठेवेल? त्याला लागतं मँगेनीज. सूर्यप्रकाशात पाण्याचे तुकडे करून ऑक्सिजन सोडायची जी यंत्रणा पानात असते तिच्या गाभ्यात मँगेनीजचे चार अणू असतात. तेव्हा मँगेनीज हवंच. भाताच्या मुळात मँगेनीज आत घ्यायचं जे मुख्य दार आहे त्याचं नाव ओएस-एनरॅम्प-५. (नावं ठेवण्याच्या बाबतीत जीवशास्त्रज्ञ आमच्यापेक्षा वाईट आहेत, एवढंच समाधान.) २०१२ साली जपानमधल्या वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकदमच दाखवून दिलं की कॅडमियम आत येतं ते याच दारातून. दारवान ओळखपत्र बघत नाही, साधारण अंगकाठी बघतो. कॅडमियमची अंगकाठी आणि विद्युतभार त्याला चालण्यासारखा आहे.

आर्सेनिकची कथाही तीच, फक्त दार वेगळं. भाताच्या पानाने बोट कापतं, हे ज्याने लहानपणी शेतात खेळून पाहिलंय त्याला माहीत आहे. ती धार सिलिकाची, म्हणजे वाळू ज्याची असते त्याचीच. आमच्याकडे तुसाच्या राखेने भांडी लखलखतात तीही त्याच सिलिकामुळे. भाताला सिलिकॉन एवढं आवडतं की त्याच्या सुक्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ते भरू शकतं, आणि ते आत घ्यायला त्याने दोन खास दारं बसवून घेतलीत. ओकायामा विद्यापीठातल्या जियान फेंग मा यांच्या गटाने ती २००६ आणि २००७ साली शोधून काढली आणि २००८ साली दाखवलं की पाणथळ जमिनीतलं आर्सेनिक नेमकं त्याच दोन दारांनी घुसतं.

म्हणजे विषाने भिंत फोडली नाही. घरच्यांसाठी उघडं ठेवलेल्या दारातून ते सरळ आत आलं.

*

बरं, आत आलं. पुढे काय?

पुढे रोप स्वतःला वाचवतं. पेशीच्या आत एक मोठी पिशवी असते, शाळेत आपण तिला रिक्तिका म्हणायचो. नको असलेला माल रोप त्या पिशवीत कोंडतं. भाताच्या मुळात यासाठी ओएस-एचएमए-३ नावाचा एक पंप आहे. तो ऊर्जा खर्च करून कॅडमियम पिशवीत ढकलतो. तिथे ते कोणाच्या अध्यात ना मध्यात. मुळातल्या पिशवीत कोंडलेलं कॅडमियम दाण्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे रोपही वाचतं आणि आपणही.

पण हा पंप सगळ्या वाणांत चालतो असं नाही. २०१० साली एक शोधनिबंध आला. त्यात एका बाजूला निप्पोनबारे नावाचं जपानी वाण होतं, आणि दुसऱ्या बाजूला दाण्यात भरपूर कॅडमियम साठवणारं एक इंडिका वाण, नाव अंजना धान. फरक कशात निघाला? त्या पंपाच्या प्रथिनात हजाराच्या आसपास अमिनो आम्लांची माळ असते. अंजना धानात त्यातला ऐंशिवा मणी बदललेला आहे. एक मणी! त्यामुळे पंप बंद, पिशवीचं तोंड बंद, आणि कॅडमियम मुळातून वर निघालं.

रोप मेलं का? नाही. इथेच तर गोम आहे. माणसाला घातक ठरेल एवढं कॅडमियम दाण्यात जमलं तरी भाताचं रोप बऱ्याचदा हिरवंगार दिसतं. पान पिवळं पडत नाही, लोंबी भरते. आपण पीक डोळ्यांनी पारखतो. "काय झकास आलंय यंदा!" पण सहन करणं हा रोपाने स्वतःपुरता काढलेला मार्ग आहे. जर्मनीच्या हार्ट्स डोंगरातल्या जुन्या खाणींवर मोहरीच्या कुळातलं एक रानटी रोप वाढतं. त्याने तर उलटाच मार्ग धरला. धातू वर चढवणाऱ्या पंपाच्या जनुकाच्या त्याने एकाच्या तीन प्रती करून घेतल्या आणि जस्त, कॅडमियम सगळं पानांत नेऊन भरलं. त्याचं छान चाललंय. त्याची पानं खाणाऱ्याचं काय, हा त्याचा प्रश्नच नाही.

सिस्टीम हिरवी दाखवतेय म्हणजे युजर सुखात आहे, असं समजणाऱ्यांबरोबर मी रोज काम करतो. (त्यात मीही आलो.) म्हणून हे मला फार लागलं.

*

साहजिकच पुढचा विचार असा, की मग ते दारच बंद करून टाका ना!

तेही केलंय. जपानी शास्त्रज्ञांनी कोशिहिकारी या लोकप्रिय वाणाच्या बियांवर कार्बनच्या आयनांचा झोत मारला. त्यातून उगवलेल्या रोपांच्या पुढच्या पिढीत असं रोप शोधलं की ज्याच्या दाण्यात कॅडमियम जवळपास नाही. त्याच्या एनरॅम्प-५ च्या जनुकात एक अक्षर गळलेलं निघालं. फक्त एक. आमच्या लोकांना सांगायला नको, मध्येच एक अक्षर गळलं की पुढची सगळी ओळ चुकीची वाचली जाते. दार तयारच होत नाही. त्या वाणाचं नाव 'कोशिहिकारी कान-१'. त्याच्याशी संकर करून काढलेलं 'अकिताकोमाची आर' हे वाण अकिता प्रांताने २०२५ पासून आपल्या मुख्य वाणाच्या जागी आणलं. अकितातही जुन्या खाणी बऱ्याच आहेत.

एका वाणात एक मणी बदलला आणि विष वर गेलं. दुसऱ्यात एक अक्षर गळलं आणि विष बाहेर राहिलं. बग कुठला आणि फिक्स कुठला, तुम्हीच ठरवा.

पण फुकट काहीच मिळत नाही. दार मँगेनीजचं होतं, तेव्हा मँगेनीजही कमी येतं. ज्या जमिनीत मुळात मँगेनीज कमी, तिथे या वाणावर पानांवर तपकिरी ठिपके पडणारा करपा जास्त येतो. आणि या दाराचा आर्सेनिकशी काही संबंधच नाही, ते आपलं सिलिकॉनच्या दाराने येतच राहतं.

मग पाण्याचा उपाय आहे. शेतात पाणी तुंबवून ठेवलं की मातीतली हवा संपते आणि कॅडमियम गंधकाशी जोडी जमवून घट्ट बसतं, मुळाला मिळत नाही. जपानात लोंबी येण्याच्या आधी आणि नंतर तीन-तीन आठवडे पाणी भरून ठेवा, असं शेतकऱ्यांना सांगतात ते यासाठीच. पण त्याच तुंबलेल्या पाण्यात मातीतली लोखंडाची संयुगं विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होतं. पाणी सोडलं तर आर्सेनिक कमी, कॅडमियम जास्त. पाणी ठेवलं तर उलट. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीत मागे टेकलो. असले ट्रेड-ऑफ मला फक्त डेटाबेसमध्ये माहीत होते.

*

रविवारी संध्याकाळी पुन्हा आईला फोन केला. यावेळी उपदेश केला नाही, तोयामाची गोष्ट सांगितली. नदी, खाण, हाडं, सगळं. ती मध्ये काही बोलली नाही. शेवटी तिने एकच विचारलं, "म्हणजे ती बायलमाणसां आपल्याच शेतातलो तांदूळ खायत होती?"

म्हटलं, हो.

"त्यांका कोणी सांगूक नाय?"

म्हटलं, सांगायला कुणाला कळलंच नव्हतं. भात चांगला दिसत होता.

मग मी तिला विचारलं की मी लहान असताना पेज कशी करायचीस. तिने सांगितलं ते ऐकून मी गप्पच झालो. "रोज भातच कोण दिता रे? एक दिवस पेज, एक दिवस नाचण्याचा सत्व, मगे मुगाचा पाणी." सत्तावीस टॅब्ज वाचून मी ज्या निष्कर्षाला आलो होतो तो हाच. एकच धान्य रोज देऊ नका, आलटूनपालटून द्या.

एक गोष्ट मात्र तिलाही नवी होती. भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं, म्हणजे आपण भात वेळतो तसा वेळला, तर भातातलं ४० ते ६० टक्के आर्सेनिक त्या पाण्याबरोबर जातं, असा अमेरिकेच्या एफडीएचा आकडा आहे. (थोडी जीवनसत्त्वंही जातात, तो दुसरा ट्रेड-ऑफ.) आणि ते पाणी म्हणजे काय? पेज! आम्ही मोठी माणसं वेळलेला भात खाणार आणि बाळाला ते पाणी पाजणार. त्यात आर्सेनिक साठतं ते दाण्याच्या बाहेरच्या थरात, म्हणजे ज्याला आपण पौष्टिक म्हणतो त्या बिनपॉलिशच्या तांदळात ते जास्तच. आई म्हणाली, "मगे बघ काय ता तपासून. माझ्या शेताक नावां ठेव नको."

तेव्हा मी तपासलं. पिशवीतले पाव किलो तांदूळ एका खाजगी प्रयोगशाळेत दिले. दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी किती वेळा मेल उघडून बघितला ते सांगत नाही. मला चिऊची काळजी होतीच, पण खरी भीती दुसरी होती. आकडा वाईट आला तर आईला काय सांगायचं? साठ वर्षं ती तोच भात खातेय.

रिपोर्ट आला. कॅडमियम आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या, म्हणजे किलोला ०.४ मिलिग्रॅमच्या, खूप खाली. आर्सेनिक लहान मुलांच्या मर्यादेच्याही खाली. आमच्या शेताच्या वर खाण नाही, पाणी पावसाचं आणि व्हाळाचं. मी दोनदा वाचला, मग बायकोला वाचायला लावला, मग आईला फोन केला.

"बरां," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पैशे किती घेतल्यानी?"

आकडा सांगितला. त्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. :-)

उष्टावण ठरल्या दिवशी झालं. मामाच्या मांडीवर बसून चिऊने आपल्या आजीच्या शेतातल्या पेजेचा पहिला चमचा घेतला, विचार केला, आणि अर्धा मामाच्या नव्या शर्टवर परत केला. दुसऱ्या दिवशी नाचणीचं सत्त्व दिलं. ते आवडलं असावं.